रक्ताच्या नात्यातलंच रक्त कशाला?

ताई,
माझी आई ६४ वर्षांची आहे. मे महिन्याच्या शेवटी धंतोलीतल्या एका रुग्णालयात तिचा उजवा गुडघा बदलायचा आहे. डॉक्टरांनी सांगितलं, ‘दोन पिशव्या रक्ताची सोय करून ठेवा.’ आईच्या जुन्या कार्डावर गट ओ पॉझिटिव्ह आहे आणि माझ्या धाकट्या भावाचाही तोच. आम्हाला वाटलं, झालं काम. पण भाऊ म्हणाला, ‘मी देणार नाही.’ का, ते सांगत नाही. चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस आहे, रोज जिमला जातो. मागच्या रविवारी मोठे मामा आमच्या मानेवाड्याच्या घरी आले आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, ‘मायसाठी पिशवीभर रगत देता येत नाही का बे तुले?’ भाऊ ताटावरून उठून गेला. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही.
मी स्वतः द्यायला गेले होते, पण माझं हिमोग्लोबिन ११.२ निघालं आणि त्यांनी परत पाठवलं. बाहेरच्या अनोळखी माणसाचं रक्त आईला द्यायची मला भीती वाटते. थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याची ती बातमी आपल्या नागपूरचीच होती ना? भावाला कसं समजावू, ते सांगा.
– मानेवाड्याची एक मुलगी

ताई म्हणालात, म्हणून मोठ्या बहिणीसारखं सरळच सांगते. भावाला समजावू नका. समजवायचंच असेल तर मामांना समजवा.

मी या शहरात एकोणतीस वर्षं रक्तपेढीत काढली. आता कागदोपत्री तिला ‘रक्तकेंद्र’ म्हणतात, पण रिक्षावाल्याला अजून ब्लड बँकच सांगावं लागतं. त्यातली बरीच वर्षं मी दात्याला आत घेण्याआधी जे चार प्रश्न विचारतात, त्या खुर्चीवर होते. तुमच्यासारखं कुटुंब आठवड्यातून दोनदा तरी यायचं. पुढे वडीलधारा माणूस, मागे दोन जावई, आणि मधे एक पोरगा, मान खाली घातलेला. हातात फॉर्म. फॉर्मवरचे प्रश्न वाचताना त्याचं पेन एखाद्या ओळीवर थबकायचं. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, वाचता येत नसेल. नंतर उमगलं. मग मी एक सवय लावून घेतली: बाकीच्यांना ‘तोवर खाली जाऊन चहा घेऊन या’ म्हणून पाठवायचं, दार लोटायचं आणि मग विचारायचं. दारामागे जे ऐकलं ते दारामागेच राहिलं. नातेवाईक परत आले की मी त्यांना एवढंच म्हणायचे, ‘आज यांचं रक्त घेता येत नाही.’ का, ते सांगायचं नाही. पिच्छाच पुरवला कोणी, तर एखादवेळी बीपीच्या नावावर ढकललं आहे, कबूल करते.

रक्त न देण्याची कारणं किती साधी असतात, ते बघा. वर्षभरात टॅटू काढून घेतला असेल तर बारा महिने थांबावं लागतं. दाढ काढली असेल तर सहा महिने. मलेरियातून बरं झाल्यावर तीन महिने, डेंग्यूनंतर सहा. बी किंवा सी प्रकारची कावीळ होऊन गेली असेल तर कायमचंच नाही. केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइडची गोळी चालू असेल, तर ती बंद केल्यावर महिनाभर रक्त घेत नाहीत, कारण ते एखाद्या गरोदर बाईला दिलं गेलं तर पोटातल्या बाळाला धोका होऊ शकतो. आता सांगा, चौतीस वर्षांचा जिमला जाणारा माणूस टक्कल पडू नये म्हणून गोळी खातो, हे मामांसमोर, जेवणाच्या ताटावर कबूल करेल? किंवा सुईची भीती असेल. मी सहा फुटी पैलवान सुई बघून आडवे झालेले पाहिले आहेत. किंवा याहून खाजगी काही असेल: एखादा संबंध, एखादी सवय, एखादी तपासणी जी करायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही.

यातलं नेमकं काय आहे, ते तुम्हाला कळायची गरज नाही. मलाही नाही. त्याने ‘नाही’ म्हटलं, तिथे त्याचं काम झालं. रक्तपेढीच्या भाषेत सांगायचं तर सुरक्षेची पहिली गाळणी दात्याच्या डोक्यात असते, यंत्रात नाही.

हे नुसतं गोड बोलणं वाटू नये म्हणून यंत्राचं सांगते. आपल्याकडे प्रत्येक पिशवीची पाच रोगांसाठी तपासणी सक्तीची आहे: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गरमी म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. पण जंतू शरीरात शिरला आणि तपासणीत सापडला, यात काही दिवस जातात. त्याला विंडो पीरियड म्हणतात. एचआयव्हीसाठी नेहमीच्या एलायझा तपासणीला दोनतीन आठवडे लागू शकतात. कावीळ सीची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, तयार व्हायला तर दोन महिन्यांच्या आसपास. एनएटी नावाची तपासणी विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधते, त्यामुळे हा काळ बराच आखडतो. एचआयव्हीचा साधारण दहा दिवसांवर येतो. पण शून्य होत नाही. आणि ही तपासणी सगळ्याच रक्तपेढ्यांत होते असंही नाही. त्या उरलेल्या दिवसांत यंत्र ‘निगेटिव्ह’ म्हणतं आणि खरी गोष्ट फक्त एका माणसाला माहीत असते. त्याच्यावर मामा बसवले, तर ती गोष्ट तो गिळून टाकतो आणि हात पुढे करतो.

एकेकाळी रक्त विकणारी माणसं असायची. धंदेवाईक रक्तदाते म्हणायचे त्यांना. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून हा धंदा बंद झाला. तो बंद करण्यामागचं कारण हेच होतं: ज्याला पैशाची निकड आहे, तो आजार लपवतो. त्यांची जागा बदली दात्यांनी घेतली. ‘एक पिशवी न्या, एक द्या.’ धंदेवाईक दात्याच्या मागे पोट लागलेलं असायचं, बदली दात्याच्या मागे मामा लागलेले असतात. लपवायचं कारण दोघांकडेही आहेच. म्हणून तर २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणाने बदली रक्तदान हळूहळू संपवून स्वेच्छेच्या दात्यांवर यायचं ठरवलं.

आता दुसरी गोष्ट. ही ऐकून मामा नक्की म्हणतील, ‘असं कुठं असतंय का?’ तुमच्या भावाने आनंदाने हात पुढे केला असता, तरी मी ते रक्त तसंच थेट तुमच्या आईला लावू दिलं नसतं.

रक्तासोबत दात्याच्या पांढऱ्या पेशीही जातात. अनोळखी माणसाच्या असल्या की आईचं शरीर त्यांना परक्या म्हणून ओळखतं आणि मारून टाकतं. मुलाच्या पेशी अर्ध्या आईसारख्याच असतात. क्वचित अशी जुळणी होते की आईच्या शरीराला त्या परक्या वाटतच नाहीत. मग त्या आत रुजतात, वाढतात आणि आईच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर, हाडांतल्या मज्जेवर उलटतात. आठदहा दिवसांनी ताप, पुरळ, जुलाब. फार दुर्मिळ आहे हे. पण झालं तर दहातले नऊ रुग्ण वाचत नाहीत. म्हणून आईवडील, भावंडं, मुलं यांचं रक्त द्यायचंच असेल तर त्या पिशवीला आधी किरणोत्सर्ग देऊन त्या पेशींची वाढ थांबवतात. ही सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते. तसंच मूल व्हायच्या वयातल्या बायकोला नवऱ्याचं रक्त शक्यतो देत नाहीत. त्याच्या पेशींविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली, तर पुढच्या गर्भाला त्रास होऊ शकतो. ‘रक्ताचं नातं’ ही म्हण लग्नात बोलायला छान आहे.

तेव्हा तुमच्या आईसाठी सगळ्यात चांगला दाता कोण? असा एक अनोळखी माणूस, जो पूर्वी पाचदहा वेळा रक्त देऊन गेला आहे, दर वेळी ज्याची तपासणी झाली आहे आणि ज्याला या वेळी कोणीही ओढून आणलेलं नाही.

थॅलेसेमियाच्या मुलांची बातमी. हो, आपल्याकडचीच. मे २०२२ मध्ये चार मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचं पुढे आलं, त्यातलं एक दगावलं होतं. तुमच्या भीतीला मी हसणार नाही. पण हिशेब नीट करा. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोनतीन आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. दहा वर्षांच्या मुलाने शेकडो अनोळखी माणसांचं रक्त घेतलेलं असतं आणि प्रत्येक पिशवीबरोबर तो विंडो पीरियडचा बारीकसा धोका पुन्हा येतो. तुमच्या आईला लागली तर एक पिशवी, फार तर दोन. एनएटी झालेलं रक्त मिळतं का, हे जरूर विचारा. त्याचे पैसे वेगळे लागतात, मला विचाराल तर ते द्यावेत. पण त्या भीतीने घरच्या माणसाच्या मागे लागलात, तर धोका कमी होत नाही. फक्त तो ओळखीच्या चेहऱ्याचा होतो.

मुळात रक्त लागणार आहे का, हे कोणी विचारलंय? ‘सोय करून ठेवा’ आणि ‘चढवायचं आहे’ यात फरक आहे. गुडघा बदलताना हल्ली ट्रानेक्झॅमिक ॲसिड नावाचं औषध देतात, त्याने रक्तस्राव बराच आटोक्यात राहतो. बऱ्याच जणांना रक्ताचा थेंबही लागत नाही. तुमच्या हातात अजून महिनाभराहून जास्त वेळ आहे. आईचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आजच्या आज तपासा. लोह कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या, नाहीतर लोहाचं इंजेक्शन, एवढ्या दिवसांत चांगला फरक पडतो. साडेबारा हिमोग्लोबिन घेऊन टेबलावर गेलेली बाई आणि साडेनऊ घेऊन गेलेली बाई, यांच्यात रक्त कोणाला लागेल ते सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? शस्त्रक्रियेनंतरही हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं, किंवा हाडांच्या शस्त्रक्रियेत आणि हृदयाचा त्रास असलेल्यांत आठच्या खाली, तर साधारणपणे रक्ताचा विचार करतात. ‘अशक्तपणा वाटतो, एक बाटली लावून द्या’ हा आपल्या विदर्भातला जुना हट्ट आहे. तो सोडा. आणि लागलंच, तर एक पिशवी द्यायची, पुन्हा तपासायचं आणि मग दुसरीचं बघायचं. ६४ वर्षांच्या हृदयावर दोन पिशव्या एका दमात ओतल्या तर फुप्फुसात पाणी साचून धाप लागू शकते.

पिशव्यांची सोय अशी करा. रुग्णालयाने दिलेली मागणी-चिठ्ठी आणि आईच्या रक्ताचा नमुना घेऊन परवानाधारक रक्तपेढीत जायचं. साठा कुठे आहे, ते ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर दिसतं. एकदा फोन मात्र करा, कारण पोर्टलवरचा आकडा सकाळचा असू शकतो. रक्ताला किंमत नसते, प्रक्रियेचं शुल्क असतं. सरकारीत कमी आणि खाजगीत लाल पेशींच्या पिशवीला साधारण दीड हजाराच्या आसपास. त्याची पावती घ्या. (सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना हे शुल्कही लागू नये, असा नियम आहे. विदर्भात सिकलसेलची घरं इतकी आहेत की ही ओळ कोणाच्या तरी कामाला येईल.) ‘आधी दाता आणा, मग पिशवी’ म्हणून कोणी अडवलं, तर नम्रपणे पण ठामपणे सांगा की अशी सक्ती धोरणात बसत नाही.

तुमच्या अडचणीत एक भर आहे, ती म्हणजे मे महिना. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. एप्रिल-मेमध्ये शीतपेटीतले कप्पे कसे रिकामे होतात, ते मी पाहिलं आहे. म्हणून पिशव्या आठवडाभर आधी राखून ठेवायला सांगा. क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त आईच्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी, मात्र शस्त्रक्रियेच्या एकदोन दिवस आधी ताज्या नमुन्यावर होईल. आणि मामेभाऊ, जावई, शेजारपाजारचे, ज्यांना मनापासून द्यायचं आहे, त्यांनी आत्ताच देऊन यावं. ‘अमुकच्या आईसाठी’ म्हणून नाही, साठ्यात. सकाळी लवकर, पोटभर खाऊन, पाणी पिऊन. बर्डीवर तर्री-पोहे खाऊन आलेला दाता मला चालायचा, उपाशी आलेला कधीच नाही. दिल्यावर वीस मिनिटं बसायचं, दिवसभर पाणी प्यायचं, आणि भर दुपारी गाडी हाकत घरी जायचं नाही.

पिशवी रक्तपेढीतून आणायचं काम आपल्याकडे नातेवाइकांच्या गळ्यात पडतं. लाल पेशी दोन ते सहा अंशांवर ठेवलेल्या असतात. ती पिशवी थर्माकोलच्या किंवा शीतपेटीच्या डब्यातच आणायची, बर्फाचा तुकडा पिशवीला थेट चिकटू न देता. ॲक्टिव्हाच्या डिक्कीत नाही! मे महिन्यात ती डिक्की म्हणजे भट्टी असते. मेडिकल चौकात थांबून रस पिऊ नका. वॉर्डातल्या फ्रिजमध्ये इंजेक्शनं आणि कोणाच्या तरी डब्याशेजारी ती ठेवू देऊ नका. ‘गार लागेल’ म्हणून काखेत धरून बसलेले प्रेमळ जावई मी पाहिले आहेत, आणि गरम पाण्याच्या भांड्यात पिशवी बुडवून ठेवणारी एक आजीही. दोन्हीने रक्त खराब होऊ शकतं. बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात सुरू व्हायला हवं. होत नसेल तर लगेच परत. सुरू झाल्यापासून चार तासांत संपायला हवं. (डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्स आणणाऱ्यांनी बरोबर उलटं लक्षात ठेवावं: त्यांना बर्फ अजिबात नको, त्या बावीस अंशांच्या आसपास हलत्या राहाव्या लागतात आणि पाच दिवसच टिकतात.)

आता जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. लोकांना वाटतं, घोळ प्रयोगशाळेत होतो. माझा अनुभव सांगतो, तो खाटेशेजारी होतो.

नोकरीच्या चौथ्या वर्षीची गोष्ट. एकाच वॉर्डात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बायका, मधे तीन खाटा. दोघींना रक्त लागणार होतं. नमुने घेणाऱ्याने दोन्ही नळ्या भरल्या, खिशात टाकल्या आणि चिठ्ठ्या नंतर टेबलावर बसून चिकटवल्या. अदलाबदल झाली. एकीचा गट ए, दुसरीचा बी. आमच्याकडे आलेल्या नळीवरून मी गट लावला, क्रॉसमॅच केलं, सगळं व्यवस्थित जुळलं. जुळणारच, नळीतलं रक्त चुकीच्या बाईचं होतं ना! त्यातली एक सहा महिन्यांपूर्वी येऊन गेली होती म्हणून जुनी वही चाळली आणि गट वेगळा निघाला. पिशवी तोवर जिन्यापर्यंत पोचली होती. धावत जाऊन परत आणली. नंतर अर्धा तास मी त्या स्टुलावरून उठले नाही. माझी तपासणी अगदी बरोबर होती, एवढंच मला पुन्हा पुन्हा आठवत होतं.

म्हणून नमुना घेताना तुम्ही तिथे असाल, तर बघा: नळीवर आईचं पूर्ण नाव आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक खाटेशेजारीच, त्याच वेळी लिहिला जातोय ना? रक्त लावायच्या वेळी दोन जणांनी मिळून ताडून बघायला हवं. पिशवीवरचा गट, पिशवीचा क्रमांक, मुदतीची तारीख, क्रॉसमॅचच्या कागदावरचं नाव आणि आईच्या मनगटावरच्या पट्टीवरचं नाव. आणि आईला ‘तुम्ही अमुक ना?’ असं कोणी विचारू नये. अर्धवट गुंगीतली बाई कोणत्याही नावाला ‘हो’ म्हणते. ‘तुमचं नाव काय?’ असं विचारायचं. परिचारिकेला राग येईल असं वाटत असेल, तर आधीच सांगा, ‘सिस्टर, जरा माझ्यासमोर वाचून दाखवा, माझ्या मनाला बरं वाटेल.’ चांगल्या सिस्टरला राग येत नाही.

तुमच्या आईचं जुनं कार्ड घरीच ठेवा. कार्डावरून रक्त देत नाहीत, दर वेळी गट नव्याने लावतात. त्यात ओ गटाची एक गंमत आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, जे साध्या तपासणीत ओ वाटतं पण ओ गटाचंही रक्त त्याला चालत नाही. त्यालाच आज जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. पेशी आणि रक्तद्रव दोन्ही बाजूंनी तपासलं तर तो लपत नाही, नुसत्या कार्डावर मात्र लपतो. आईला आधी कधी रक्त दिलं होतं का, बाळंतपणात किंवा नंतर, तेही डॉक्टरांना सांगा. आधीच्या रक्ताने किंवा गरोदरपणाने शरीरात प्रतिपिंडं राहिलेली असू शकतात. ती माहीत असली तर पिशवी शोधायला वेळ मिळतो.

पहिली पंधरा मिनिटं. हे मात्र पाठ करा. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर पहिल्या काही मिलिलिटरमध्येच शरीर बोलायला लागतं. म्हणून सुरुवातीला थेंब हळू सोडतात आणि माणूस शेजारी लागतो. थंडी वाजणं, ताप, कंबरेत कळ, छातीत आवळल्यासारखं, सुईच्या जागी आग, घाबरल्यासारखं वाटणं, लालसर लघवी, अंगावर गांधी उठणं. यातलं काहीही दिसलं तर आधी रक्त थांबवायला सांगायचं, मग बाकीची चर्चा. सुई काढायची नाही, त्यातून सलाइन चालू ठेवतात. पिशवी फेकायची नाही, ती नळीसकट रक्तपेढीला परत जाते, शोध घ्यायला. अशा प्रतिक्रियांची नोंद ठेवणारा ‘हिमोव्हिजिलन्स’ कार्यक्रम आपल्या देशात डिसेंबर २०१२ पासून आहे, तेव्हा ‘असं होतंच कधी कधी’ म्हणून विषय मिटवू देऊ नका. आणि रक्ताच्या नळीत सलाइनशिवाय दुसरं काही जाता कामा नये. ग्लुकोजची बाटली नाही, इंजेक्शन नाही.

तुमचं स्वतःचं. रक्त द्यायला १२.५ हिमोग्लोबिन लागतं, तुमचं ११.२ आहे. त्यांनी परत पाठवलं ते तुमच्याच भल्याचं. पण ते ‘बायकांचं असतंच कमी’ म्हणून सोडून देऊ नका. कशाने कमी आहे ते शोधा, पाळीचा रक्तस्राव जास्त आहे का तेही डॉक्टरांना सांगा. जेवणासोबतचा चहा बंद करा, लोहाची गोळी लिंबाच्या किंवा आपल्या संत्र्याच्या रसाबरोबर घ्या. दिवाळीपर्यंत पुन्हा जा, घेतील.

मामांना विचारा, त्यांनी स्वतः किती वेळा रक्त दिलंय. एकदाही दिलं नसेल आणि साठी उलटली असेल तर आता त्यांना पहिल्यांदा देता येणार नाही. नियम तसा आहे, पहिल्या वेळेची वयोमर्यादा साठ. आधी दिलेलं असेल तर पासष्टपर्यंत. त्यांना हे मी सांगितलं म्हणून सांगा, माझ्यावर चिडू देत.

आणि भावाला एवढंच म्हणा: ‘तू नाही म्हणालास ते बरोबर केलंस, मला कारण नको.’ त्याच्या मनात एखाद्या तपासणीची धास्ती असेल, तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र आहे, तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि गुप्त राहते. हे त्याच्याशी बोलू नका, हा लेख त्याच्या उशाशी ठेवा. नंतर त्याला एक काम द्या. रक्त लागलंच, तर ते बहुतेक संध्याकाळी किंवा रात्री लागेल, जेव्हा वॉर्डात माणसं कमी असतात आणि मामा घरी झोपलेले असतात. तेव्हा आईशेजारी त्याला बसवा. पिशवी आणण्यापासून ती संपेपर्यंत, चार तास. पहिली पंधरा मिनिटं मोबाइल खिशात. येताना मनगटाला घड्याळ बांधून ये म्हणावं.